२.५ मेगावॉटच्या जुन्या मोटरला ड्राइव्ह लावायचा आहे, कन्व्हर्टर कोणता घ्यावा?

फिरता_चुंबक

मंडळी, सल्ला हवा आहे. बॉयलरचा आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅन आहे, म्हणजे भट्टीतला वायू ओढून बाहेर टाकणारा. मोटर २.५ मेगावॉट, ६.६ केव्ही, सहा पोल, स्क्विरल केज. आजवर थेट लाइनवर चालू होते आणि हवेचं नियंत्रण डॅम्परने (वाटेतल्या झडपेने) होतं. आता व्हेरिएबल स्पीड करायचं ठरलंय. मोटर बदलायची नाही, तीच ठेवायची. ड्राइव्हची खोली मोटरपासून लांब आहे, केबल १८० मीटर होईल.

तीन प्रस्ताव टेबलावर आहेत. पहिला कॅस्केडेड एच-ब्रिज, म्हणजे भरपूर छोटे सेल एकावर एक. दुसरा न्यूट्रल पॉइंट क्लॅम्प्ड जातीचा, हाय व्होल्टेज डिव्हाइसवाला, पाच लेव्हलचा. तिसरा करंट सोर्स, म्हणजे व्होल्टेजऐवजी करंटचा स्रोत म्हणून चालणारा. तिघांचेही सेल्सवाले बाकीच्या दोघांना नावं ठेवतात. कागदावर तिघांची एफिशियन्सी जवळपास सारखीच. ज्यांनी ही यंत्रं प्रत्यक्ष चालवली आहेत त्यांनी बोलावं.

खटका

टोपोलॉजीवर, म्हणजे कन्व्हर्टरच्या रचनेवर, येण्याआधी एक विचारतो. वर्षभरात डॅम्पर किती उघडा असतो, याची नोंद आहे का? त्या आकड्याशिवाय सगळी चर्चा हवेत.

फॅनला शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. ७०% प्रवाहाला ०.७ चा घन, म्हणजे साधारण ३४%. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर आणि कमी लोडवर मोटरची घसरलेली एफिशियन्सी धरली तर ३८-४० समजा. तरी मोठी बचत आहे. पण ९५% प्रवाहावर घन ८६% येतो आणि त्यातून ड्राइव्हचा स्वतःचा ३-४% तोटा वजा जातो. फॅन बहुतेक वेळ पूर्ण क्षमतेवरच चालत असेल तर तुम्ही फक्त एक गरम कपाट विकत घेताय.

(पंपवाल्यांसाठी अवांतर: स्टॅटिक हेड मोठं असेल तर हा घनाचा हिशोब लावू नका. वेग थोडा उतरला की पंप पाणी ढकलायचंच थांबवतो.)

फिरता_चुंबक

नोंद आहे. बहुतांश काळ प्रवाह ६५ ते ८० टक्क्यांत असतो. जोडीचा दुसरा फॅनही सोबत चालू असतो.

खटका

मग ड्राइव्हला अर्थ आहे. चला पुढे.

आप्पा_वाइंडिंगवाले

सगळे कन्व्हर्टरबद्दल बोलणार, मी मोटरची बाजू घेतो, कारण तिला कुणी विचारत नाही. जुनी मोटर साइन वेव्हसाठी बांधलेली आहे. तिच्या पहिल्या काही वेढ्यांना तीव्र चढाचे पल्स सोसायची सवय नाही.

केबलचा हिशोब करू. केबलमध्ये पल्स साधारण १५० मीटर प्रति मायक्रोसेकंद वेगाने धावतो. व्होल्टेज चढायला १ मायक्रोसेकंद लागत असेल तर ७५ मीटरच्या पुढे मोटरच्या टर्मिनलवर पूर्ण परावर्तन होतं आणि पायरी जवळपास दुप्पट होते. ४१५ व्होल्टच्या छोट्या ड्राइव्हमध्ये चढ ०.१ मायक्रोसेकंदाचा असतो, तिथे साडेसात मीटरलाच हा खेळ सुरू. तुमची केबल १८० मीटर, म्हणजे परावर्तन होणारच. प्रश्न एवढाच की दुप्पट होणारी पायरी किती मोठी आहे.

प्रत्येक सप्लायरला हे लेखी विचारा: १८० मीटर केबलनंतर मोटर टर्मिनलवर फेज टू फेज आणि फेज टू अर्थ पीक किती, चढाचा वेळ किती? ब्रोशरमध्ये "मोटर-फ्रेंडली" लिहिलंय, यावर भागवू नका.

सेलवाला

आप्पांशी सहमत, आणि म्हणूनच माझं मत एच-ब्रिजला.

६.६ केव्हीसाठी एका फेजमध्ये सहा सेल, एकूण १८. प्रत्येक सेलला ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या सेकंडरीतून साधारण ६३५ व्होल्ट मिळतात. सहा सेल मालिकेत जोडले की ३,८१० व्होल्ट फेज व्होल्टेज, म्हणजे ६.६ केव्ही लाइन. सेलच्या आतला डीसी सुमारे ९०० व्होल्ट, त्यामुळे आउटपुटची एक पायरी तेवढीच. दुप्पट झाली तरी ६.६ केव्हीच्या इन्सुलेशनला तिचं काही वाटत नाही. फेजला १३ लेव्हल, लाइन टू लाइन २५. स्कोपवर वेव्हफॉर्म पाहिला तर साइनला बारीक दाते पाडल्यासारखा दिसतो. आउटपुट फिल्टर लागत नाही.

इनपुटलाही फायदा. सेकंडरी १०-१० अंशांनी सरकवलेल्या असतात, मिळून ३६ पल्स. सैद्धांतिक पहिले हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले घटक) ३५ आणि ३७. साध्या सहा पल्स रेक्टिफायरची ५, ७, ११, १३ ची कटकट जवळपास संपते. पीटर हॅमंड यांनी नव्वदच्या दशकात ही रचना औद्योगिक ड्राइव्हमध्ये आणली, आणि जुन्या मोटरवर बसवायला तिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

त्रिस्तर

सेलवाले साहेब, नाण्याची दुसरी बाजूही सांगा ना. १८ सेल म्हणजे ७२ आयजीबीटी (स्विच करणारे ट्रान्झिस्टर) आणि १०८ डायोड. प्रत्येक सेलला स्वतःचं कंट्रोल कार्ड, फायबरची जोडी, कॅपॅसिटर बँक. ट्रान्सफॉर्मरमधून ५४ तारा बाहेर येतात. तो जळला तर कुठल्याही गोदामात तसा दुसरा मिळत नाही, बनवूनच घ्यावा लागतो.

न्यूट्रल पॉइंट क्लॅम्प्ड रचना १९८१ मध्ये नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांनी मांडली. तेव्हापासून तिच्यावर इतकं काम झालंय की तिचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत. आयजीसीटी (थायरिस्टर जातीचा हाय व्होल्टेज स्विच) वापरला तर डिव्हाइस मोजकेच राहतात. शिवाय प्रेस-पॅक डिव्हाइस बिघडला की शॉर्ट होतो, फुटत नाही. मॉड्यूलमधल्या आयजीबीटीची बाँड वायर उडाली की काय होतं ते ज्यांनी कपाट उघडून काजळी पाहिली आहे त्यांना विचारा.

आणि डीसी लिंक (कन्व्हर्टरमधला मधला डीसी टप्पा) एकच असल्याने पुढे अॅक्टिव्ह फ्रंट एंड लावून ऊर्जा परत लाइनला देता येते. साध्या एच-ब्रिजच्या सेलमध्ये पुढे डायोड ब्रिज असतो, तिथे तो रस्ता बंद.

सेलवाला

फॅनमधून कुठली ऊर्जा परत घेणार? लिफ्ट किंवा उतरता कन्व्हेयर असता तर मुद्दा पटला असता.

सेल जास्त म्हणून बिघाडाच्या जागा जास्त, हे खरं. पण एक सेल गेला तर तो बायपास होतो आणि फॅन फिरत राहतो. साधा उपाय म्हणजे तिन्ही फेजमधला एकेक सेल बाजूला काढायचा, म्हणजे ६ पैकी ५, व्होल्टेज ८३%. न्यूट्रल पॉइंट सरकवायची युक्ती वापरली तर दोन चांगल्या फेजमधले सेल वाया जात नाहीत आणि व्होल्टेज त्याहून बरंच जास्त मिळतं. यांचा फॅन तसाही ८०% च्या खालीच चालतो. तुमच्या पाच लेव्हलमध्ये एक डिव्हाइस गेला की अख्खा ड्राइव्ह ट्रिप.

त्रिस्तर

ट्रिप होतो, मान्य. पण दर किती वर्षांनी, हाही प्रश्न आहेच की. आणि बायपास कॉन्टॅक्टर वेळेवर लागलाच नाही तर? तो टेस्टिंगच्या दिवशी एकदा हलतो, पुढे त्याला कुणी हात लावत नाही.

केबलच्या मुद्द्यावर मात्र मी आप्पांच्या बाजूने. पाच लेव्हलला ६.६ केव्हीमध्ये एक पायरी सुमारे २.४ केव्हीची येते. १८० मीटर केबल आणि जुनी मोटर, तेव्हा आउटपुटला साइन फिल्टर (पायऱ्या गुळगुळीत करणारा) घेतल्याशिवाय सही करू नका.

नवशिकी

धागा वाचतेय, मजा येतेय. मी मोटर कंट्रोल नुकतंच शिकायला घेतलंय. पुस्तकात मोठ्या ड्राइव्हसाठी एलसीआयचं, म्हणजे लोड कम्युटेटेड इन्व्हर्टरचं, फार कौतुक असतं. तो प्रस्तावात का नाही?

आप्पा_वाइंडिंगवाले

ताई, तो इथे चालणारच नाही. एलसीआयमध्ये साधे थायरिस्टर असतात, त्यांना बंद करायचं काम मोटरचा बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना तिच्यातच तयार होणारं व्होल्टेज, करतो. त्यासाठी मोटरने लीडिंग पॉवर फॅक्टरवर चालायला हवं, म्हणजे ओव्हर-एक्साइट केलेली सिंक्रोनस मोटर. इंडक्शन मोटर कायम लॅगिंग, ती थायरिस्टरला बंद करू शकत नाही. गंमत म्हणजे सिंक्रोनसलाही सुरुवातीच्या साधारण १०% वेगापर्यंत बॅक ईएमएफ पुरत नाही. तिथे प्रत्येक कम्युटेशनला डीसी लिंकचा करंट शून्यावर आणून पुढची जोडी पेटवतात. त्याला पल्स मोड म्हणतात. शाफ्टला त्यात चांगले धक्के बसतात, शेजारी उभं राहिलं तर पायाला कळतं.

पण आकाराच्या बाबतीत थायरिस्टरला तोड नाही. नासाच्या लँगली केंद्रातल्या ट्रान्सॉनिक वाऱ्याच्या बोगद्याची मोटर १०० मेगावॉटच्या घरातली आहे, सिंक्रोनस, थायरिस्टर कन्व्हर्टरवर. क्वीन एलिझाबेथ २ जहाजावर १९८६-८७ मध्ये वाफेची यंत्रं काढून ४४ मेगावॉटच्या दोन सिंक्रोनस मोटर बसवल्या. तिथे कन्व्हर्टर फक्त सुरुवातीला आणि हळू चालताना वापरायचे, पूर्ण वेगाला मोटर थेट जहाजाच्या वीजपुरवठ्यावर.

आणि सायक्लोकन्व्हर्टर विसरू नका. आउटपुट फ्रिक्वेन्सी सप्लायच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतच जाते, पण अवाढव्य दळणाऱ्या मिलला तेवढीही नको असते. फ्रान्समध्ये ल हाव्र इथल्या सिमेंट कारखान्यात १९६९ मध्ये पहिली गिअर नसलेली मिल लागली. मोटरचा रोटर म्हणजे मिलचं पिंपच, ध्रुव थेट त्यावर बसवलेले. अशा मिल खाणींमध्ये आजही नव्याने लागतात.

नवशिकी

वा! आप्पा, मिलवर एक वेगळा धागा काढा ना.

तारेवरची

हार्मोनिकचा विषय निघालाच आहे तर क्वीन मेरी २ जहाजाची गोष्ट इथे असायला हवी. चार पॉड (जहाजाच्या तळाखाली बसवलेली मोटर आणि प्रॉपेलरची एककं), प्रत्येकी २१.५ मेगावॉट. २३ सप्टेंबर २०१० च्या पहाटे जहाज बार्सिलोनाला पोहोचत असताना मागच्या हार्मोनिक फिल्टरच्या खोलीत स्फोट झाला. चारही प्रॉपल्शन मोटर बंद पडल्या आणि थोड्याच वेळात जहाजावर अंधार. जहाज मोकळ्या पाण्यात होतं म्हणून निभावलं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेच्या अहवालात कारण आहे: फिल्टरमधला एक कॅपॅसिटर खराब होत होत शेवटी गेला. तो खराब होतोय हे सांगणारी एकच यंत्रणा होती, करंटमधला असमतोल पकडणारी, आणि ती कित्येक वर्षं चालतच नव्हती.

म्हणून कुणी "आमच्या ड्राइव्हसोबत हार्मोनिक फिल्टरही देतो" म्हणालं की मी लगेच विचारते, त्या कॅपॅसिटरवर नजर कोण ठेवणार आणि अलार्म कुठे वाजणार? ३६ पल्समध्ये फिल्टरच लागत नसेल तर माझं मत त्याला, सेल कितीही असोत. एक मात्र लक्षात ठेवा. फेज सरकवून हार्मोनिक कापले जातात ते सगळ्या सेलवर सारखा भार असेपर्यंतच. एक सेल बायपास झाला किंवा सप्लायच असमतोल असला की थोडे ५ आणि ७ परत डोकावतात. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या मानकाची मर्यादा त्या अवस्थेतही पाळली जाईल का, ते विचारून ठेवा.

खटका

आता जागेवरच्या गोष्टी. या कुठल्याच ब्रोशरमध्ये सापडत नाहीत.

आधी मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडून बघा. थेट लाइनवर चालणाऱ्या जुन्या मोठ्या मोटरला तिथे सर्ज कॅपॅसिटर बसवलेले असतात. कधी फीडरवर पॉवर फॅक्टरचे कॅपॅसिटरही असतात. ड्राइव्हच्या आउटपुटवर यातलं काहीही राहता कामा नये. ड्राइव्हची प्रत्येक पायरी त्या कॅपॅसिटरमध्ये करंटचा सुळका ढकलते. मग एकतर ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होत राहतो, नाहीतर कॅपॅसिटर फुगतो. ड्रॉइंगवर ते नसतील म्हणून विश्वास ठेवू नका. झाकण उघडा.

दुसरं, मोटरला डिफरन्शियल प्रोटेक्शन असेल तर ब्रेकरकडचे आणि न्यूट्रलकडचे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आता एकाच फ्रिक्वेन्सीवर नाहीत. एक ५० हर्ट्झवर, दुसरा ड्राइव्ह देईल त्यावर, मध्ये फेज सरकवणारा ट्रान्सफॉर्मर. ते रिले तसंच ठेवलं तर पहिल्याच स्टार्टला ट्रिप. मोटरचं संरक्षण ड्राइव्हकडे द्या आणि ब्रेकरच्या रिलेचं सेटिंग ट्रान्सफॉर्मर फीडरसारखं करा.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: डॅम्पर काढू नका. आयडी फॅनचं इनर्शिया प्रचंड असतं. बॉयलरचा मास्टर फ्युएल ट्रिप झाला, म्हणजे इंधन एकदम तोडलं गेलं, की ज्योत विझते, भट्टीतला वायू झपकन आकसतो आणि दाब खाली कोसळतो. त्या क्षणी फॅनची ओढ काही सेकंदांत कमी व्हायला हवी. डायोड ब्रिजवाला ड्राइव्ह फॅनला ब्रेक लावू शकत नाही, फॅन आपल्या मर्जीने मंदावतो. तेव्हा डॅम्परच कामाला येतो. त्याचा अॅक्चुएटर आणि लॉजिक जिवंत ठेवा, अधूनमधून हलवून बघा.

त्रिस्तर

म्हणजे ऊर्जा परत घेणारा ड्राइव्ह फॅनलाही कामाचा ठरला की नाही? सेलवाले, ऐकताय ना? :)

सेलवाला

ऐकतोय. पण त्या काही सेकंदांसाठी अॅक्टिव्ह फ्रंट एंड कुणी घेत नाही, डॅम्पर आहे तो आहेच. बाय द वे, तेच इनर्शिया उलट्या बाजूने उपयोगी पडतं. सप्लायला डिप आला की ड्राइव्ह वेग किंचित उतरवून फॅनमधलीच ऊर्जा डीसी लिंकमध्ये ओढतो आणि ट्रिप न होता तग धरतो. फक्त कंट्रोलचा पुरवठा आणि कूलिंग फॅनचे कॉन्टॅक्टर त्याच डिपमध्ये पडणार नाहीत हे बघा. मोठा ड्राइव्ह टिकतो आणि एवढासा कॉन्टॅक्टर सुटून सगळं बंद पाडतो, असले प्रकार होतात.

चक्रधर

यांत्रिक बाजूने दोन ओळी. आजवर तो फॅन एकाच वेगावर फिरला, त्याचा क्रिटिकल स्पीड त्याच्या खाली कुठे लपलाय हे कुणी तपासलं नसेल. पहिल्या दिवशी हळूहळू वेग वाढवत कंपनं मोजा. जिथे उसळतील तो पट्टा ड्राइव्हमध्ये स्किप करून टाका. टॉर्शनल अॅनालिसिसही (शाफ्टच्या पिळाच्या कंपनांचा हिशोब) करून घ्या, विशेषतः करंट सोर्सवाला प्रस्ताव निवडलात तर.

बेअरिंग: नॉन-ड्राइव्ह एंडचं बेअरिंग इन्सुलेटेड आहे का? नसेल तर मोटर उघडाल तेव्हा ते करून घ्या आणि ड्राइव्ह एंडला शाफ्टचा अर्थिंग ब्रश लावा. कॉमन मोड व्होल्टेजमुळे बेअरिंगमधून करंट जायला लागला की रेसवर वॉशबोर्डसारख्या आडव्या रेघा उमटतात, मग आवाज, मग बदली.

मोटरच्या कूलिंगची चिंता नको. फॅनचा टॉर्क वेगाच्या वर्गाने उतरतो, त्यामुळे मंद वेगातही शाफ्टवरचा पंखा पुरतो. कन्व्हेयर असता तर वेगळा ब्लोअर लागला असता.

फिरता_चुंबक

टर्मिनल बॉक्स उघडला. खटकाभाऊ, सर्ज कॅपॅसिटर निघाले! ड्रॉइंगवर नव्हते.

खोलीच्या कूलिंगचं बोला. प्रस्तावात सगळ्यांनी "एसी रूम ग्राहकाच्या कक्षेत" असं एका ओळीत लिहून मोकळे झालेत.

तारेवरची

ती एक ओळ फार महाग पडते. २.५ मेगावॉटचे ३% म्हणजे ७५ किलोवॉट उष्णता, साधारण २१ टन एसी, तोही वर्षभर. बचतीच्या हिशोबात त्या एसीची वीज धरली नसेल तर तो हिशोब परत मांडा.

ट्रान्सफॉर्मरच्या कपाटाची गरम हवा डक्टने बाहेर सोडली तर एसीवरचा भार साधारण निम्म्यावर येतो. पण जेवढी हवा बाहेर गेली तेवढी आत येणार, आणि आयडी फॅनच्या आसपास ती राखेसकट येते. फिल्टर लावा, खोलीत बाहेरपेक्षा किंचित जास्त दाब ठेवा. राख कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी, दमट झाली की सेलच्या इन्सुलेटरवरून करंटला वाट मिळते.

त्रिस्तर

किंवा वॉटर कूल्ड घ्या आणि मोकळे व्हा. डीआयोनाइज्ड पाण्याचा लूप सांभाळायला माणूस हवा, एवढंच.

तारेवरची

"एवढंच" म्हणे! २.५ मेगावॉटला एअर कूल्ड पुरतो. कंडक्टिव्हिटी, रेझिन, पंप, गळती या भानगडी १० मेगावॉटच्या पुढे सोसायच्या.

फिरता_चुंबक

इतकं सगळं वाचून एच-ब्रिजकडे कल झालाय. कारण केबलची लांबी आणि जुनी मोटर. सर्ज कॅपॅसिटर निघतील, डॅम्पर राहील, लाइनवर परत घ्यायला व्हॅक्यूम कॉन्टॅक्टरचा बायपास मागितलाय. करंट सोर्सवाल्याने आप्पांच्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही. पाच लेव्हलवाल्याने साइन फिल्टर "ऐच्छिक" म्हणून वेगळा दाखवलाय.

शेवटचा प्रश्न: सुटे सेल किती ठेवावेत? आणि ते नुसते कपाटात ठेवून चालतात का?

सेलवाला

सगळे १८ सेल एकसारखे असतात, त्यामुळे दोन पुरेत. ते ठेवायचे कसे हे मात्र आतल्या कॅपॅसिटरवर अवलंबून आहे. फिल्म कॅपॅसिटर असतील तर फारसं काही करावं लागत नाही. इलेक्ट्रोलायटिक असतील तर वर्षभर पडून राहिल्यावर त्यांचा ऑक्साइड थर पातळ होतो. तसा सेल थेट पूर्ण व्होल्टेजवर घेतला तर लीकेज करंटने तापतो. वर्षातून एकदा रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवून ते रिफॉर्म करायचे आणि सेलवर तारखेची चिठ्ठी लावायची. त्याचा चार्जिंग सेट सप्लायरकडून सेलबरोबरच मागून घ्या, नंतर मागितला की वेगळी ऑर्डर काढायला लावतात.

आप्पा_वाइंडिंगवाले

आणि ऑर्डर देण्याआधी मोटरचा टॅन डेल्टा आणि पोलरायझेशन इंडेक्स (इन्सुलेशनच्या चाचण्या) काढून घ्या. उद्या वाइंडिंग गेलं तर दोष ड्राइव्हचा की आधीचाच, यावर भांडण नको. रिपोर्ट आला की इथे टाका, बघू.